फॉर्म उन्हात भरून घेतला होता

डीन सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, मुलांना तुमच्या लिंबायतच्या व्हिजिट्स नको आहेत. बंद करू या."

मी सुरतच्या एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन शिकवायचे. माणसाचा आजार त्याच्या घरी, कामावर जाऊन समजून घ्यायचा, असा हा विषय. विद्यार्थ्यांना मी लिंबायत वस्तीत लूम कामगारांच्या घरी न्यायचे. त्याच गल्ल्यांत मी वाढले. वडील लूमवर कापड विणायचे.

अभिप्राय वाचले. 'वेळ वाया.' 'गर्मी बहुत.' फॉर्म परतीच्या बसमध्ये, मोबाइलवर भरून घेतला होता. एप्रिलमधली भर दुपार.

"सर, हीच बॅच इंटर्न झाली की हेच प्रश्न विचारा," मी म्हणाले. इंटर्न म्हणजे शेवटच्या परीक्षेनंतर वर्षभर वॉर्डात, ओपीडीत राबणारे नवे डॉक्टर.

"तोवर ऊन विसरलेले असतील. त्याला फीडबॅक म्हणायचं?"

"आत्ता फक्त ऊनच आठवतंय. याला म्हणायचं?"

सर हसले. पुन्हा विचारायचं कबूल केलं. व्हिजिट्स मात्र बंद झाल्या.

मी वर्गात स्लाइड्स दाखवू लागले. रविवारी आईकडे गेले की शेजारच्या सुशीलामावशी दारातूनच विचारायच्या, "व माय, तुन्या पोरी कव्हय येतीन?" पांढऱ्या कोटातल्या मुलींसाठी त्या चहाचे जादा कप काढून ठेवायच्या. मी "येतील" म्हणायचे आणि गल्लीत उगाच उभी राहायचे. लूमचा खडखडाट तोच होता. "मॅडम, जरा जोरात बोला ना," म्हणणारे विद्यार्थी मागे नव्हते.

ती बॅच इंटर्न झाली. सरांनी शब्द पाळला, फॉर्म पाठवला. त्याच आठवड्यात किंजल नावाची मुलगी माझ्या केबिनमध्ये आली.

"मॅडम, ओपीडीत एक काका ओरडून बोलत होते. सगळे म्हणाले, भांडखोर आहेत. मला लिंबायतची घरं आठवली. तिथे लूमच्या आवाजाने ऐकू कमी यायचं, म्हणून सगळे ओरडायचे. मी काकांना कान तपासायला पाठवलं. खरंच कमी ऐकू येत होतं." ती घुटमळली. "'वेळ वाया' मीच लिहिलं होतं."

इतरांनीही असे अनुभव लिहिले होते. व्हिजिट्स पुन्हा सुरू झाल्या. फॉर्म आता दोनदा भरून घेतात.

पहिली बॅच निघाली, तेव्हा मला रिटायर होऊन महिना झाला होता. नव्या मॅडमना रस्ता फोनवर सांगितला. "तुम्हीही या ना," त्या म्हणाल्या. जायचं फार मनात होतं. गेले नाही. दोन शिक्षिका असल्या की मुलं जुनीकडेच बघतात.

अभिप्राय वाचण्याआधी तो कधी भरून घेतला, ते बघावं. आणि पोरं इंटर्न होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर आपल्या रिटायरमेंटची तारीखही.