दोन वायसर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे विमानात इंजिन बसवलं. गुरुवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. विमान खेळण्यातलं, पण पंख जोडले की पलंगाची रुंदी भरते. इंजिन मुठीत मावणारं. तिनं ते दोन्ही हातांनी पुढच्या फळीला दाबून धरलं होतं आणि मी बोल्ट पिळत होतो.

"आवं, आधी चारी बोल्ट बोटानं लावून घ्या की. एकालाच काय पिळत बसलाय?"

ही माझी बायको. गल्लीत तिला सगळे सुभेदारीण म्हणायचे. मीही तेच म्हणायचो. तिचे वडील पलटणीत सुभेदार होते, कोरेगावकडचे. पेन्शन घेऊन घरी आल्यावर ते पोरींना सकाळी अंगणात रांगेत उभं करून वेण्या तपासायचे म्हणे. बाकीच्या बहिणी लग्न झाल्यावर ते सगळं विसरल्या. ही सांगलीला माझ्या दोन खोल्यांत आली आणि पहिल्या आठवड्यात माझे पाने लहान-मोठे बघून खिळ्यांना टांगले. मी म्हणालो, माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही. ती म्हणाली, "मग हुडकत बसा." मी काही तिथून ते काढले नाहीत.

बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. चाळीस वर्षं तिनं गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं शिवली. तिची एक रीत होती. कुठलंही कापड आधी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चं टाचायचं, त्या बाईच्या अंगावर चढवायचं, दाराशी जाऊन लांबून बघायचं आणि मगच मशीनवर घ्यायचं. घाईत कुणी म्हणालं की द्या तसंच शिवून, तर कापड परत द्यायची. "आधी कच्चं, मग पक्कं. न्हाईतर दुसरीकडं जा बाई." नंदाचं, आमच्या पोरीचं, लग्न ठरवताना साताऱ्याच्या त्या लोकांना तिनं तीन वेळा नुसतं चहाला बोलावलं. मी वैतागलो. म्हणालो, हो तरी म्हण, नाही तरी म्हण. तर म्हणाली, "टाचून बघतेय. जरा दम धरा." चौथ्या वेळी सुपारी फोडली.

तोंडानं फटकळ होती. माणसाकडं बघितलं की तिला आधी माप दिसायचं. एका लग्नात ती वरमाईला म्हणाली, "तुमची उजवी बाजू भरल्याली हाय वैनी, शिवणाऱ्यानं दोन्ही अंगं सारखीच कापल्यात, म्हणून चुण्या पडल्यात." बाई रुसली. पंधरा दिवसांनी तीच बाई दोन ब्लाउजपीस घेऊन आमच्या दारात.

माझं काम पंपाच्या इंजिनांचं. विहिरीवर, नदीकाठी, जिथं म्हणाल तिथं डिझेल इंजिन बसवून द्यायचो. त्या कामात सगळं सरळ लागतं. इंजिन आणि पंप एका रेषेत पाहिजेत. केसभर वाकडं राहिलं तर चार महिन्यांत सगळं हादरून खिळखिळं होतं. सपाटी बघायची पाणसळ आणि काटकोन बघायचा गुण्या ही माझी दोन हत्यारं कायम पिशवीत. मी बसवलेलं इंजिन कधी हललं नाही, हे मी आजही सांगतो. गुडघे गेले तेव्हा काम बंद केलं.

मग नुसता बसून राहायला लागलो. जावयानं बघितलं आणि एकदा येताना ती पेटी आणली. विमानाचे सुटे भाग, लाकडी फळ्या, कागद, इंजिन, वर उडवायचा रिमोट. म्हणाला, "आण्णा, तुम्ही जोडा, उडवायचं मी बघतो." मी पेटी कपाटावर ठेवून दिली. वर्षभर तिथंच होती. म्हाताऱ्या माणसानं काय खेळणी जोडायची?

सुभेदारणीनंच ती खाली काढली. "जावयानं एवढ्या हौसेनं आणलंय. तुमी उघडताय का मी उघडू?" नकाशाचा कागद तिनं फरशीवर पसरला, तळव्यानं सारखा केला, चारी कोपऱ्यांवर रिळं ठेवली. मला त्यातलं काही कळेना, सगळं इंग्रजी. तिलाही इंग्रजी येत नव्हतं, पण कागदावरून कापायची तिला सवय. ती बोट ठेवून सांगायची, ही फळी हिच्यावर, ही पट्टी हिच्या पोटात. मी चिकटवत जायचो. पंखांवर पातळ पन्नी इस्त्रीनं बसवायची असते. ते सगळं तिनं एकटीनं केलं, मला इस्त्रीजवळ फिरकू दिलं नाही. एक सुरकुती नाही त्या पंखांवर. अजून बघता येईल कुणालाही.

इंजिन आधी बाहेर चालवून घ्यायचं असतं. मागं धुण्याच्या दगडाशेजारी एका ठोकळ्यावर ते आवळलं. तिनं पदर खोचला, केस बांधले आणि तेलाच्या बाटलीचा वास घेतला.

"ह्यात एरंडेल हाय."

"असतंय."

"कोठा साफ करत्यात त्यानं. इंजिनाचा करायचाय का?"

पंखा फिरवला तसं ते एवढंसं इंजिन असं किंचाळलं की शेजारची कुसुम भिंतीवरून डोकावली. "काकू, मिक्सर जळला का काय?" सुभेदारीण तिथूनच ओरडली, "मिक्सर न्हवं, इमान हाय! रविवारी उडणार हाय, या बघायला!" एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. रविवारी जावई उडवायला येणार होता. त्या दिवसापासून येईल-जाईल त्याला रविवारचं आवतण. मला म्हणायची, "एकदा वर जाऊ दे. मग पडलं तरी चालंल. पण एकदा वर जाऊ दे."

गुरुवारी इंजिन बसवायला घेतलं. इंजिन ज्या फळीवर बसतं तिला मी गुण्या लावला, तर उजवीकडं फट. फळी वाकडी बसली होती. इंजिन लावलं की त्याचं तोंड उजवीकडं वळलेलं दिसायचं. मी म्हणालो, कारखान्यात खाचा चुकीच्या पाडल्या आहेत. उजव्या अंगाच्या दोन बोल्टांमागं एकेक वायसर टाकला की सरळ होईल. पंपाच्या कामात हे मी हजार वेळा केलंय.

ती म्हणाली, "कागदावर तिरपीच हाय ती. मुद्दाम ठेवलीय."

"मुद्दाम कोण वाकडं ठेवतंय?"

"मी ठेवते. तुमचा डावा खांदा उजव्यापरीस अर्धा इंच खाली हाय. लग्न झाल्यापासनं तुमचा सदरा मी वाकडा कापतेय. म्हणून तो तुमच्या अंगावर सरळ दिसतोय."

हे मला माहीतच नव्हतं. मला राग आला. खांद्याचा आला का इंजिनाचा आला, आता सांगता येत नाही. मी म्हणालो, "सदरा येगळा, इंजिन येगळं. तुला काय कळतंय इंजिनातलं? तू धर फक्त."

तिनं धरलं. मी वायसर टाकले, गुण्या लावला, सरळ झालं. तिला दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "बरं. रविवारी बघू." तिचं ते बोटानं लावा, पिळू नका, तेवढं चालूच होतं. चौथा बोल्ट बसला तेव्हा तिनं हात सोडले आणि बोटं झटकली. बोटांवर इंजिनाच्या कडांचे वळ उठले होते.

मग तिनं चहा केला. आम्ही प्यालो. कांदे आणायचे आहेत असं काहीतरी बोलली, रविवारच्या भज्यांसाठी. चार वाजता म्हणाली, छातीत दाटल्यासारखं होतंय, जरा पडते. साडेचारला मी रिक्षा बोलावली. मिरजेला पोहोचलो तेव्हा डॉक्टर रिक्षापाशीच आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. नंदा आणि जावई साताऱ्याहून आले तसं लगेच नेलं. कृष्णेच्या घाटावर सगळं उरकलं. मी काय केलं, काय नाही, मला विचारू नका. लोक सांगत होते तसं करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. आमची चूल बंद, कुसुमनं चहाची किटली आणून ठेवली होती. माणसं बाहेरच्या खोलीत मशीनच्या आजूबाजूला बसली होती. मी आत गेलो. विमान टेबलावर होतं तसंच. नकाशाचा कागद काढला आणि नंदाला आत बोलावलं.

"हे वाच."

"आण्णा, आत्ता? बाहेर लोकं बसल्यात."

"वाच म्हणतोय न्हवं. इंजिनापाशी काय लिवलंय तेवढं."

तिनं कागद हातात घेतला, पण त्याच्याकडं बघितलंच नाही. म्हणाली, "इंजिन उजवीकडं तिरपं आहे ते मुद्दाम आहे, सरळ करू नये असं लिहिलंय. सरळ केलं तर उठतानाच डावीकडं वळून पडेल."

"न वाचता सांगतीस?"

"आईनं सोमवारीच फोटो काढून पाठवला होता. मी तिला फोनवर वाचून दाखवलं."

मी पलंगावर बसलो. "मग मला का न्हाई बोलली?"

नंदा रडायला लागली. "मीच म्हणले तिला, सांग आण्णांना. तर म्हणली, माझं ऐकायचे न्हाईत. रविवारी जावई सांगतील, त्यांचं ऐकतील. पाव्हण्यासमोर भांडायचे न्हाईत ते."

ते खरं होतं. जावयाचं मी ऐकलं असतं.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. "मी धरू का?" नंदानं विचारलं. नको म्हणालो. इंजिन छातीशी टेकवून एका हातानं धरलं आणि उजव्या अंगाचे दोन बोल्ट काढले. वायसर निघाले ते टेबलावर ठेवले. बोल्ट परत लावले. एका हातानं नीट जमत नव्हतं, वेळ लागला. इंजिनाचं तोंड पुन्हा उजवीकडं वळलं. गुण्या लावला नाही.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, कोरेगावचे पाहुणे आलेत. मी मोरीत जाऊन हात धुतले आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो.