विहीणबाईंचं आजोळ

लेकीच्या लग्नात डॉक्टर पुरुषोत्तमरावांनी एक आगाऊपणा केला आणि तो त्यांना सोळा वर्षांनी भोवला. मुलाकडच्या आयरिश मंडळींवर छाप पाडायला म्हणून त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत बाहेर काढला. लाल कापडी बांधणी, विटेएवढा जाड, आत चौदा पिढ्या. मुलाची आई बर्नाडेट चष्मा चढवून बराच वेळ त्यातली पानं उलटत होती. एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिने ते लक्षात ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात, साउथहॅम्प्टनच्या आपल्या छोट्याशा स्वयंपाकघरात, ती त्यांच्यासमोर चहाचा मग आदळून म्हणाली, "माझी आई आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातून आली. सतरा वर्षांची होती. कुठल्या गावातून आली, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. मला ते घर एकदा बघायचंय, त्याच्या दारात उभं राहायचंय. माझ्या हृदयाची झडप काही फार वर्षं साथ देणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू चौदा पिढ्या शोधल्यास, माझी एक शोधून दे."

इंग्रजीत तू आणि तुम्ही हा भेद नाही म्हणतात. पण बर्नाडेटच्या तोंडचा 'यू' हा नेहमी 'तू'च असतो, याबद्दल पुरुषोत्तमरावांच्या मनात कधी शंका नव्हती. पडल्या मुलाच्या आई, त्यातून वयाने मोठ्या. विहीणबाईंपुढे मान खाली घालायची हे रक्तातच होतं. चौदा पिढ्या आपण नाही, पुण्यातल्या चुलत्यांच्या कमिटीने शोधल्या, हे खरं म्हणजे तिथेच सांगून टाकायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नाही. उलट, "त्यात काय मोठंसं, दोन महिन्यांत काढतो," असं म्हणून बसले.

आणि मग सुरू झाली कटकट.

पुरुषोत्तमराव एकतीस वर्षं भूलतज्ज्ञ होते. आयुष्यभर ज्यांना चार प्रश्न विचारले, त्यांना पाचव्या मिनिटाला झोपवून टाकलं. जागं माणूस इतकं बोलतं, आणि विचारलेलं सोडून बाकी सगळं बोलतं, याची त्यांना सवयच नव्हती. दर गुरुवारी ते फाइल घेऊन तिच्याकडे जात. कुलवृत्तांतावरून बेतलेला एक फॉर्म त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर तयार केला होता: मूळ पुरुष, त्याचा व्यवसाय, त्याचे मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे. पत्नीसाठी शेवटी एक चौकोन होता, त्यात नाव मावेल एवढा.

"तुमच्या आईचं नाव?"

"नोरा. नोरा गॅलहर."

"जन्मतारीख?"

"वाढदिवस आम्ही एक फेब्रुवारीला करायचो. पण ती म्हणायची, मी बटाटे काढायच्या दिवसांतली."

"बटाटे फेब्रुवारीत काढतात का?"

"मला काय विचारतोस, मी साउथहॅम्प्टनची!"

असं सगळं. नोराच्या लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मिळालं: मायकल गॅलहर, मजूर. बस. त्या काळच्या लग्नाच्या दाखल्यांवर आईच्या नावाला जागाच नसे, आणि पुरुषोत्तमरावांना त्यात काही खटकलंही नाही. ते मायकलच्या मागे लागले. मेयोमध्ये मायकल गॅलहर शोधणं म्हणजे सदाशिव पेठेत कुलकर्णी शोधणं. पहिल्याच महिन्यात एकेचाळीस सापडले. कुणी एका जनगणनेत पस्तीस वर्षांचा आणि दहा वर्षांनी पुढच्या जनगणनेत बावन्न वर्षांचा. त्याआधीच्या शतकातली बरीचशी जनगणना तर डब्लिनमध्ये एकोणीसशे बावीस साली जळून गेलेली. त्या आगीवर पुरुषोत्तमराव असे चिडत, जणू ती कुणी त्यांना त्रास द्यायलाच लावली होती. जन्माच्या नोंदी ऑनलाइन होत्या. त्यांत, नोराच्या वयाच्या अंदाजाने धरलेल्या पाच वर्षांत, बाप मायकल असलेल्या सोळा नोरा गॅलहर जन्मलेल्या. उशिरा नोंद केली की दंड पडे, म्हणून लोक तारखाच पुढे ढकलून सांगत, हे कळल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडला नाही.

त्यात बर्नाडेट विषयाला धरून बोलेल तर शपथ.

"नाताळात एक पार्सल यायचं बघ," ती सांगायची. "पिसं काढलेलं बदक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पोस्टाने! किलकॉइनांकडून. आई ते उघडायची आणि रडायची."

"बर्नाडेट, आपण मायकलबद्दल बोलत होतो."

"आणि ते किलकॉइन लोक, त्यांच्यातला एक जण एकदा आला होता, केवढा उंच..."

"विषयावर या, प्लीज. मायकलला भाऊ किती होते?"

ती ओठ घट्ट मिटून चहा ओतायची. पुरुषोत्तमराव मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांची बदकं मोजत बसलो तर ह्या जन्मात मेयो सापडत नाही, असं ते घरी येऊन लेकीला, वैभवीला, फोनवर सांगत. वैभवी केंब्रिजहून "हो बाबा, हो बाबा" करत आपलं काम करत राही.

दोन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. सुरुवातीला बर्नाडेट त्यांना सोडायला बसस्टॉपपर्यंत यायची. मग फाटकापर्यंत. या वर्षी फेब्रुवारीत खुर्चीतूनच हात हलवू लागली. तिचा रिपोर्ट जावयाने, ब्रेंडनने, वाचायला पाठवला, तेव्हा पुरुषोत्तमरावांनी तो दोनदा वाचला. प्रवासाला परवानगी नाही. विमान नाही, बोट नाही. शस्त्रक्रियेला वय नाही. हे वाचायला त्यांना कुणा डॉक्टरची गरज नव्हती. त्या रात्री ते जेवले नाहीत. राग नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तो एकेचाळीस मायकलांवर काढला.

मार्चमध्ये वैभवी राहायला आली. सासूला भेटून आली आणि डायनिंग टेबलावर पसरलेली फाइल चाळायला लागली. चाळता चाळता थांबली.

"बाबा, हा फॉर्म तुम्ही डिझाइन केलात? सिरियसली?"

"का, काय झालं?"

"यात बायकांच्या माहेरच्या नावाला कॉलमच नाहीये! इथे नुसतं 'मेरी गॅलहर' लिहिलंय. नोराची आई मेरी, पण मेरी कोण? बर्थ रेकॉर्डवर आईचं मेडन नेम असतं ना? ते माहीत असतं तर सोळातली एक नोरा लगेच निघाली असती. तुम्ही आईंना विचारलं नाहीत?"

"विचारलं की. आजीचं नाव काय, म्हटलं. मेरी म्हणाल्या."

"आणि पुढे?"

पुरुषोत्तमरावांनी फॉर्मवर पुन्हा नजर फिरवली. त्यांच्या कुलवृत्तांतात बायको सासरच्या नावानेच असे. माहेरच्या नावाची कधी कुणाला गरज पडली नव्हती. वैभवीने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आई, नोराच्या आईचं लग्नाआधीचं आडनाव काय हो?"

"किलकॉइन," बर्नाडेट धापा टाकत, पण ठणकावून म्हणाली. "मेरी किलकॉइन. दर नाताळात बदक यायचं ना, ते आईच्या आजोळाहून. मी तुझ्या बापाला वीसदा सांगितलं असेल. तो म्हणतो, विषयावर या."

चाळीस मिनिटं. घड्याळ लावून चाळीस मिनिटं लागली. सोळा नोरांपैकी एकीचीच आई किलकॉइन. जन्म ऑक्टोबर एकोणीसशे एकवीस, म्हणजे बटाटे काढायच्या दिवसांतलाच. घर क्लूनमोर नावाच्या चिमुकल्या वस्तीत. तिथल्या जमिनीच्या जुन्या कागदांत गॅलहर औषधालाही नव्हता, सगळे किलकॉइन. कारण मायकल हा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला गेलेला होता.

"घरजावई!" पुरुषोत्तमराव ओरडले. "दोन वर्षं मी एका घरजावयाला त्याच्या बापाच्या घरी शोधतोय!"

वैभवी हसली. ते हसले नाहीत. दोन वर्षांपूर्वीची, बसस्टॉपपर्यंत चालत येणारी बर्नाडेट त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती. त्या वेळी हा एक प्रश्न विचारला असता, तर उन्हाळ्यात ती तिथे जाऊन आली असती. हे त्यांनी वैभवीला बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ते तिच्याकडे माफी मागायला गेले. तिने ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "आता तिकीट काढ. मी येऊ शकत नाही, तू जा. आणि फोन नीट चार्ज करून ने."

एप्रिलच्या शेवटी बाप-लेक मेयोला गेले. भाड्याची गाडी, दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं अंगावर येणारा रस्ता. जीपीएसने क्लूनमोरच्या अलीकडे हात टेकले. ट्रॅक्टरवरच्या एका म्हाताऱ्याला पुरुषोत्तमरावांनी विचारलं, "मायकल गॅलहरचं घर कुठे हो?" त्याने नकारार्थी मान हलवली. मागून वैभवीने विचारलं, "आणि मेरी किलकॉइनचं?" त्याने लगेच हात करून दाखवलं.

घर म्हणजे दोन खोल्या. छपरावर गंजके पत्रे, आत आता वासरं बांधत. दार मात्र होतं, अर्ध्या उंचीचं, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेलं. पुरुषोत्तमरावांनी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे बर्नाडेट उशांना टेकून बसली होती. तिने केस विंचरले होते, गळ्यात मोत्यांची माळ घातली होती.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"तुझं नाक दिसतंय. फोन फिरव. मला दार बघायचंय."

त्यांनी फोन फिरवला. दार दाखवलं, उंबरा दाखवला, मधोमध झिजलेला दगड दाखवला. मग फोन समोर धरून ते उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले, कारण तिला उभं राहायचं होतं आणि ती येऊ शकत नव्हती. रेंज गेली की काय म्हणून त्यांनी स्क्रीन बघितला. ती रडत होती आणि अश्रू पुसत नव्हती.

"इथून निघाली ती," बर्नाडेट म्हणाली. "ह्या दगडावर पाय ठेवून."

"हो."

"थँक यू, डॉक्टर."

दोन वर्षांत तिने एकदाही थँक यू म्हटलं नव्हतं. तिने नाक शिंकरलं, माळ सारखी केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला तुझी सुचेता फार आवडायची. सहा वर्षं झाली ना तिला जाऊन? तिच्या आईचं माहेरचं नाव काय रे?"

पुरुषोत्तमरावांनी तोंड उघडलं. सासूबाई आठवल्या, त्यांच्या हातची आमटी आठवली, त्यांचं सासरचं अख्खं गणगोत आठवलं. त्यांनी वैभवीकडे पाहिलं. तिनेही मान हलवली, नाही म्हणून.

"बोल की," फोनमधून आवाज आला.

सुचेताला विचारलं असतं तर तिने पटकन सांगितलं असतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती आजोळच्या गोष्टी कितीदा काढायची, आणि ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, विषयावर ये.