गुडघ्याची वाटी

मुखेडच्या मराठी शाळेतून मी नांदेडच्या मेडिकल कॉलेजात आले, तेव्हा शरीराचे बहुतेक अवयव मला ठाऊक होते, फक्त माझ्या नावांनी. पहिल्याच महिन्यात शरीररचनेच्या सरांनी गुडघ्यावरचं गोल हाड माझ्या हातात दिलं. "हे काय?" उत्तर पाठ होतं. पण अख्खा वर्ग बघत होता, आणि तोंडून निघून गेलं, "सर, ही गुडघ्याची वाटी हाय."

वर्ग हसला. सरही हसले. "वाटी? मग यात वरण वाढायचं का? पॅटेला म्हण. ही ग्रीक-लॅटिनची भाषा आहे, तुमच्या चुलीपुढची नाही."

मला रडू आलं नाही, डोकं तापलं. संध्याकाळी ग्रंथालयात वैद्यकीय शब्दांचा जाडजूड कोश काढला. प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात त्याचं मूळ दिलेलं होतं. पॅटेला : लॅटिन, लहान पसरट भांडं. मी पुन्हा वाचलं. म्हणजे रोममध्ये कुणीतरी गुडघा चाचपून जे म्हटलं, जवळपास तेच माझी आई म्हणते!

मग मी कोश सोडेचना. डोळ्यातलं प्युपिल म्हणजे छोटी बाहुली. आपणही बाहुलीच म्हणतो. पोटरीच्या स्नायूचं नाव गॅस्ट्रोक्नेमियस. माझी जीभ त्यावर रोज अडखळायची. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ निघाला, पायाचं पोट. शेजारी बसलेल्या अर्धापूरच्या मैत्रिणीला मी ढोसलं. "बघ की, हे लोक आपल्यासारखंच बोलून राहिले होते."

"सरांपुढं नको बोलू. नापास करतील."

"करू दे."

तोंडी परीक्षेला सरांशेजारी बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक बसले होते. सरांनी मुद्दाम तेच हाड उचललं.

"पॅटेला," मी म्हणाले. "लॅटिनमध्ये याचा अर्थ लहान भांडं. आमच्याकडं वाटी म्हणतात."

"अर्थ विचारलेला नाही."

"हाव सर. पण मी सांगणार. त्या दिवशी सगळे हसले होते."

परीक्षक सरांकडे न बघता म्हणाले, "अजून सांग." मी बाहुली सांगितली, पोटरी सांगितली. मग त्यांनी स्नायू कुठून निघतो, कुठे जुळतो, त्याची नस कोणती, हे सगळं खोदून विचारलं. मीही सगळं सांगितलं, मुखेडच्याच हेलात.

पास झाले. सर मात्र पुढे कधीच माझ्याशी नीट बोलले नाहीत. मैत्रीण म्हणाली, माफी मागून टाक. कशाची मागायची?

आता लातूरला माझा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. मागच्या आठवड्यात उदगीरहून एक आजोबा आले. आधीच्या डॉक्टरांनी त्यांना कॉक्लिया खराब झालाय एवढंच सांगितलं होतं, आणि हा काहीतरी जीवघेणा रोग आहे असं समजून ते जेवण टाकून बसले होते. मी म्हटलं, "आजोबा, कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. तो थकलाय. मशीन लावलं की ऐकू येईल."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

माझा भागीदार डॉक्टर म्हणतो, असं बोललं की पेशंटवर छाप पडत नाही. न पडू दे. आजोबांनी दवाखान्याच्या बाकावरच सुनेनं आणलेला डबा उघडला.