त्रेचाळीस चिठ्ठ्या

डॉक्टर बेन्नासर पुढे दोनदा राजधानीत, राबातच्या संसदेत बसले. पण म्हातारपणी त्यांचं मन परत परत जाई ते पहिल्या, हरलेल्या निवडणुकीकडे.

अकरा वर्षं त्या डोंगरात ते एकटेच डॉक्टर होते. दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, खेचरांवरून रोगी येत. बर्फ पडला की तेही बंद. अकराव्या हिवाळ्यात दोन बाळंतिणी घाटातच गेल्या, आणि घाटात रस्ता व्हावा म्हणून डॉक्टर निवडणुकीला उभे राहिले. दुसरं कारण नव्हतं.

प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा वेगळ्या रंगाचा कागद असे. हवा तो पाकिटात घालायचा आणि पाकीट पेटीत टाकायचं. डॉक्टरांचा कागद पिवळा होता.

शाळेत मोजणी सुरू झाली. मास्तर सी ब्रिक पाकिटं फोडत होते. एक पिवळा, दोन हिरवे. मग एका पाकिटातून चार घड्या घातलेला पांढरा कागद निघाला. मास्तरांनी तो उलगडला आणि निमूटपणे डॉक्टरांपुढे सरकवला. त्यांचीच चिठ्ठी होती, औषधाची. कडांना तेल लागलेलं.

अशा त्रेचाळीस निघाल्या, सगळ्या बाद. डॉक्टर एकतीस मतांनी हरले.

"हरले कसे?" कंपाउंडर मुहा उसळला. "वर ठळक नाव आहे, खाली सही आहे. याहून स्पष्ट मत कुठलं? तक्रार करा, डॉक्टर."

"करा की," मास्तर म्हणाले. "मग हे कागद शहरात जातील. चार माणसं एकेक वाचतील. नाही केलीत, तर बाकीच्या मतांबरोबर आत्ता अंगणात जाळायचे."

डॉक्टर चिठ्ठ्या चाळत राहिले. एका नव्या नवरीचा क्षय, सासरी न सांगितलेला. मिशीला पीळ देत घोडा उडवणाऱ्या एकाचं अंथरूण ओलं करणं. ती चिठ्ठी त्याच्या आईने टाकलेली. आणि दुसऱ्या पारड्यात घाटातले ते दोन मृत्यू.

"जाळा," ते शेवटी म्हणाले.

"रस्ता गेला," मुहा म्हणाला.

बुधवारी बायका रांगेने आल्या. पुढे लल्ला इत्तो, सत्तरीची.

"डॉक्टरा, माझा कागद पेटीत गेला. दुसरा दे."

"लल्ला, पिवळा टाकायचा होता."

"तो छापलेला? छापलेलं काय, कुणीही आणतं. माझ्या कागदावर तुझा हात फिरलाय, तो मी टाकला. आणि तरी पडलास. माणूस कसला रे तू!"

डॉक्टर हसले आणि लिहू लागले. त्रेचाळीसही चिठ्ठ्या त्यांनी कुणाला काही न विचारता लिहिल्या.

सहा वर्षांनी ते निवडून आले. रस्ताही झाला, सहा हिवाळे उशिरा. मधल्या हिवाळ्यांत घाटात गेलेल्यांची नावं त्यांना पाठ होती.

त्या जिंकलेल्या मोजणीतही ते टेबलाशी उभे होते. मुहाने गावोगाव फिरून पिवळा रंग शिकवला होता. पाकिटं फुटत गेली. पिवळा, पिवळा, पुन्हा पिवळा. लोक अभिनंदन करू लागले तरी डॉक्टरांची नजर एखाद्या पांढऱ्या घडीसाठी मास्तरांच्या बोटांवरच होती. शेवटचं पाकीट फुटलं. त्यातही पिवळाच निघाला.