बिनडिस्कची भिशी

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मेघना परब एक जुनी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून तपासत होती. दोन चरे होते. एक आतून बाहेर सरळ गेलेला, तो बहुधा चालतो. दुसरा गोल फिरलेला, तो चालत नाही. तिनं डिस्क 'परत' लिहिलेल्या खोक्यात टाकली आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. विनीतच्या दारात चपलांचे अकरा जोड होते. साडेदहाला सात होते.

लालबागच्या गल्लीत चाळीच्या जिन्याखाली मेघनाचा गाळा आहे. गिरणी बंद पडल्यावर तिच्या वडिलांनी तिथं व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. कॅसेट गेल्या, सीडी आल्या. सीडी गेल्या, गेमच्या डिस्क आल्या. वडील गेले तेव्हा मेघना सव्वीसची होती, आज चव्वेचाळीसची आहे. गाळ्यात दोन भिंती भरून डिस्क आहेत, त्या लावून तपासायला गेम खेळायचं एक मशीन आणि एक छोटा टीव्ही आहे.

समोरचा विनीत शेलार शाळेत असताना याच काउंटरला टेकून उभा असायचा. चरे ओळखायला तिनंच त्याला शिकवलं. तो आता एकोणतीस वर्षांचा आहे. त्याच्या गेम झोनमध्ये एसी आहे, सहा मोठे टीव्ही आहेत आणि सहा मशीन. त्यातल्या एकालाही डिस्क घालायची फट नाही. गेम नेटवरून उतरतात. नवा गेम तो आदल्या दिवशीच उतरवून ठेवतो आणि बाजारात आला की त्याच क्षणी नुसता उघडतो. मेघनाचं पार्सल येईपर्यंत दोन दिवस जातात. नेट कधी जिंकलं, असं कोणी तिला विचारलं तर ती विनीतनं पाटी लावली तो दिवस सांगेल.

विनीतनं तिचं काही वाईट केलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. तो अजून 'ताई' म्हणतो. दिवाळीला चकल्यांचा डबा घेऊन येतो. मेघना तो तसाच वरच्या मजल्यावर अप्पा राण्यांकडे पोचवते. त्याच्याकडे नवे सोफे आले ते किती वाजता उतरले, हे तिला पाठ आहे. मे महिन्यात एकदा त्याच्याकडची वीज दुपारभर गेली होती. त्या दुपारी तिनं चहा दोनदा मागवला आणि दोन्हीदा खारी घेतली.

विनीतकडे नसलेली एकच गोष्ट तिच्याकडे होती, ती म्हणजे भिशी.

पद्धत तिची स्वतःची. सभासद वर्गणी काढतात, त्यातून एक नवा गेम येतो. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. प्रत्येकाला चार दिवस. सगळ्यात शेवटी ज्याचा नंबर लागतो, त्यानं सगळ्यात जास्त वाट पाहिलेली असते, म्हणून डिस्क कायमची त्याची. सील सगळ्यांसमोर फोडायचं. आधी कोणी हात लावायचा नाही, मेघनानंसुद्धा. एके काळी बावीस सभासद होते. या शनिवारी आठ उरले होते. मागच्या भिशीला नऊ होते. नववा आता समोर, चपलांच्या अकरा जोडांत होता.

अकरा वाजता आठही जण गाळ्यासमोर जमले. मान अप्पांचा. अप्पा बेस्टमधून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर, गुडघ्यांनी दगा दिल्यापासून फुटबॉल फक्त टीव्हीवर खेळतात. त्यांनी नखानं सील फाडलं, डबा उघडला, उलटा केला, झटकला. आतून कागदाचं एक चिठोरं पडलं.

"गो मेघना, डिस्क खंय गेली?"

अभयनं चिठोरं उचललं. तो रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे, बारीक अक्षरं वाचायची त्याला सवय आहे.

"ताई, हा कोड आहे. नेटवर टाकायचा, गेम उतरतो. एकाच खात्यावर चालतो. एकदा टाकला की संपला."

"म्हणजे ह्यो कागद मशीनीत घालूचो काय?" अप्पांनी विचारलं.

"घाला अप्पा, आणि काय होतंय ते आम्हाला सांगा," मागून रघुवीर म्हणाला. दोघंतिघं हसले. मेघना हसली नाही.

तिनं डबा हातात घेतला. खालच्या उजव्या कोपऱ्यावर 'मेघना गेम लायब्ररी, भिशी' असा तिचा स्टिकर होता. गेली सतरा वर्षं ती तो त्याच कोपऱ्यावर चिकटवते. पार्सल गुरुवारी संध्याकाळी आलं होतं आणि तेव्हा विनीत समोर नव्या गेमचा फलक टांगत होता. तिनं एक डोळा फलकावर ठेवून स्टिकर दाबून बसवला होता. आता तिनं तो नखानं खरवडला. खाली बारीक इंग्रजीत छापलं होतं, की आत डिस्क नाही. चरे शोधणाऱ्या बाईनं छापील ओळ स्वतःच्या नावानं झाकली होती.

सील फोडलेला माल व्यापारी परत घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"विनीतचा मेसेज आलाय," रघुवीर मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "हाच गेम लावलाय. चाळीतल्यांना पहिला तास त्याच्याकडून फुकट."

"त्याला कोणी सांगितलं इथलं?"

"कोणी नाही गं ताई. सकाळीच पाठवलाय, सगळ्यांना. एसी पण आहे म्हणतो."

आठ माना एकदम रस्त्याकडे वळल्या. अप्पांचीही. मेघनाला ती आठवी मान सगळ्यात जास्त लागली. आता हे आठ गेले की भिशी संपली, आणि भिशी संपली की आपल्याकडे आहे ते विनीतकडेही आहे, वर एसी. वर्गणी परत देते, एवढं म्हणणं शहाणपणाचं होतं. तिनं तोंड उघडलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

"कुठं जायचं नाही. कोड दुकानाच्या मशीनवर टाकते. डिस्कऐवजी मशीन फिरेल. चार-चार दिवस."

"तपासायचं मशीन?" अभयनं विचारलं. "मग तू डिस्क कशावर लावून बघणार?"

"ते माझं मी बघेन."

"आणि शेवटच्याक काय गावतला?" अप्पांनी नियमावर बोट ठेवलं.

मेघनानं समोर पाहिलं. बारावा जोड दारात उतरत होता.

"शेवटच्याला मशीन."

रघुवीर म्हणाला, "ताई, वेडी झालीस काय?" पण चिठ्ठीसाठी हात त्यानंच पहिला पुढे केला. स्टीलच्या डब्यातून एकेक चिठ्ठी निघाली. पहिला अभय. रघुवीर पाचवा. शेवटची अप्पांची.

गाळ्यात मोबाइलचं नेट आहे, त्याला सत्त्याण्णव जीबी ओढायला आठवडे लागले असते. म्हणून साडेबाराला मेघना मशीन बाजाराच्या पिशवीत घालून रस्ता ओलांडून गेली. तिनं चपला दाराच्या दुसऱ्या बाजूला काढल्या.

"ताई! या, या. एसीखाली बसा." विनीतनं काही न विचारता वायर जोडली. "अरे, डिस्कवालं मशीन! किती दिवसांनी पाहिलं." त्यानं फटीवरून बोट फिरवलं. मेघनाला ते बोट बाजूला सारावंसं वाटलं.

"खातं कुठल्या नावानं करू?"

"दुकानाच्या."

त्यानं टाइप केलं, कोड टाकला. पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली. वेळ दाखवला तो पावणेदोन तास. तो तिला सोफ्यावर काढावा लागला. सोफा चांगला होता. नववा सभासद समोरच्या टीव्हीवर तोच गेम खेळत होता. तिला बघून त्यानं मान हलवली आणि पुन्हा खेळात गेला. तिनं टीव्ही मोजले, खुर्च्या मोजल्या, भिंतीवर ओल कुठं आहे का ते पाहिलं. ओल नव्हती.

"ताई, एक विचारू?" विनीत सरबत ठेवत म्हणाला. "भिशीत मला कधी घेतलं नाहीत. मी बारा वर्षांचा असल्यापासून विचारतोय."

"तेव्हा लहान होतास."

"आणि आता?"

"आता तुझ्याकडे फट असलेलं मशीन कुठंय?"

तो हसला, पण थोडा उशिरा. मेघनानं तो उशीर पाहिला, आणि सरबत पूर्ण प्यायलं.

सव्वादोनला पट्टी भरली. मशीन पुन्हा पिशवीत गेलं. दारापर्यंत येऊन विनीत म्हणाला, पुढचा गेमही असाच आला तर बिनधास्त आणा. मेघनानं चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. गाळ्यात आल्यावर तिनं कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आजपासून डिस्क मशीनवर तपासून मिळणार नाही', आणि तो काउंटरच्या आतल्या बाजूला लावला. समोरून, विनीतच्या दारातून, तो वाचता येत नाही.

उद्या रविवार. गाळा साडेनऊला उघडेल. पावणेदहाला अभय येईल, वहीत सही करेल आणि मशीन चार दिवसांसाठी घरी नेईल.