रिकाम्या डब्याचा आकडा

ईवानिल्दे माझी धाकटी बहीण. आमच्या गावात दगड फोडणारे हजार मिळतील. दगडाच्या पोटात युरेनियम-थोरियमचा कण किती, ते मोजणारी ही एकटी. मी आदाउतो, पिवळ्या खाणीचा मुकादम, शिक्षण पाचवी. तिला कॉलेजात सायकलवर मीच सोडायचो. ती सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

नगरपालिकेला नव्या बालवाडीत आमचा पिवळा ग्रॅनाइट घालायचा होता. तीस माणसांना वर्षभराचं काम. पण आधी मोजणी. ईवानिल्देने तिच्या प्रयोगशाळेत दगड दळला, सुकवला, डब्यात भरून सील केला. दगडातून गॅस सुटतो, तो डब्यात महिनाभर मुरल्याशिवाय आकडा खरा येत नाही म्हणाली.

तो महिना तिच्याकडे बघवत नव्हतं. जेवताना पाय हलतोय, घेवडा-भात गार. उठते, बसते, खिडकी उघडते, लावते.

"काय गं, मुंग्या चावतात?"

"लोक रस्त्यात अडवून विचारतात, दादा. तू काय सांगत फिरतोस?"

"पास होणार, एवढंच."

"नको सांगूस."

तिसाव्या दिवशी तिने आधी रिकामा डबा मोजला. भरलेल्या डब्यातून तो आकडा वजा करायचा असतो. आकडा नेहमीच्या दुप्पट. तारा बदलल्या, यंत्र पुसलं, तरी तेवढाच. तिने फोन केला, मी धुळीने माखलेला तसाच गेलो. किरणं मोजायचं छोटं मीटर हातात घेऊन ती खोलीभर येरझारा घालत होती. खाली वाकली आणि थांबली.

"दादा, ही फरशी आपल्या खाणीतली?"

"मग काय परक्या खाणीतली आणीन?"

याच महिन्यात, कार्निव्हलच्या सुट्टीत ती नव्हती, तेव्हा मी आणि खाणीतल्या जुरासीने फरशी बसवली होती. तिच्या साहेबाला विचारून, फुकट, सगळ्यात वरचा माल. आल्यावर तीही "छान आहे" म्हणाली होती.

"यंत्राला चारी बाजूंनी किरणं अडवणारं शिसं आहे, खालून उघडं आहे," ती म्हणाली. "भर बाजारात कुजबुज ऐकायला बसवलंस मला. आणि मलाही सुचलं नाही."

"म्हणजे आपला दगड वाईट?"

"मोजल्याशिवाय सांगत नाही."

"अंदाज तरी?"

"अंदाज तुझ्या खाणीत बांध."

दुपारीच जुरासीला बोलावून फरशी उखडली.

"बसवताना तुम्ही शिट्टी वाजवत होता, मुकादम," जुरासी म्हणाला.

"तू पहार धर."

संध्याकाळपर्यंत रिकाम्या डब्याचा आकडा जागेवर आला. मग तिने भरलेला डबा यंत्रात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी न घेताच गेली. निकाल आधी नगरपालिकेत दिला, मग चालत खाणीवर आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाहेरच्या पायऱ्यांना चालेल. बंद खोलीत, जिथे पोरं दिवसभर जमिनीवर बसतात, तिथे नको. तसं लिहून दिलंय."

करवत थांबली. जुरासी माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमच्याच घरातून, मुकादम?"

"माझ्याच घरातून," मी म्हटलं. "तुमच्या कुणाच्या घरात आहे का असं माणूस?"

मी पायऱ्यांपुरता दगड वेगळा काढायला सांगितला.