काजळीवरचा चांद

उस्मानाबाद जिल्ह्यात फौजदार असतानाची ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पासष्टच्या लढाईचे दिवस होते. येरमाळ्याचा एक पाट्या रंगवणारा पेंटर ठाण्यात आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "साहेब, गावातल्या दुसऱ्या पेंटरच्या घरी दुश्मनाचं लाकडी इमान हाय. पंखावरचा हिरवा रंग खरवडा, खाली पाकिस्तानचा चांद निघंल."

ज्यांच्याविषयी तो बोलत होता, ते पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ. हवाई दलाच्या वर्कशॉपमध्ये विमानं रंगवण्याचं काम करून ते गावी परतले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत.

दोन पंच घेऊन मी गेलो. विमान हातभर लांब, लाकडी. पंचांसमोर पंखावर पातं फिरवलं आणि खरोखरच पांढरा चांद दिसला. दारात जमलेली माणसं खवळली. पंचनामा उरकून मी चाचांना जीपमध्ये घातलं. तिथं ठेवलं असतं तर जिवंत राहिले नसते.

ठाण्यात विचारलं, "चांद कुणी काढला?"

"खुदा जाने साहेब, म्या न्हाय काढला. तामलवाडीच्या एका बाईचं पोरगं हवाई दलात मेकॅनिक होतं, अपघातात गेलं. ती म्हणली, त्याचे हात लागलेलं इमान मला दावा. तिच्यासाठी केलं."

"मग ते इतकं मळकट का?"

"कोरं इमान दुकानात असतं साहेब. उडणारं असं दिसतं." ते विमानाकडे बघत सांगू लागले. आधी सगळीकडे चांदीसारखा रंग द्यायचा, तो वाळला की वर हिरवा. मग मेकॅनिक जिथं पाय ठेवून चढतात, तिथं बारीक पॉलिश पेपरनं हिरवा घासायचा, म्हणजे खालची चांदी उघडी पडते. शेवटी कंदिलाची काजळी जवसाच्या तेलात कालवून इंजिनाच्या धुराड्यापासून पंखावरून शेपटीकडे फडक्यानं ओढायची, कारण वारा तसाच जातो.

"काजळीनंतर रंग देता?"

"न्हाय. काजळी लागली की काम संपलं."

मी विमान खिडकीपाशी उजेडात नेलं. चांदावर उरलेला हिरवा पट्टा ताजा होता, त्यावर धुराचा डागही नव्हता. पंचांना पुन्हा बोलावलं आणि त्यांच्यादेखत चांदाची कड पात्यानं हळूच उचलली. खाली काजळी होती. काजळीखाली जुना हिरवा, त्याखाली चांदी. म्हणजे विमान पूर्ण झाल्यावर कुणीतरी चांद काढून वरून हिरवा फासला होता.

खबर देणाऱ्याला बोलावून घेतलं. चहा दिला.

"रंगाखालचा चांद तुम्हाला कसा दिसला?"

"काढताना बघितला. खिडकीतून."

"तेव्हा विमानाला रंग होता?"

"कसला रंग! कोरं लाकूड होतं."

मी विमान पुढे सरकवलं. "कोऱ्या लाकडावरचा चांद काजळीच्या वर कसा आला?"

त्यानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "स्टँडावरच्या समद्या पाट्या त्यालाच मिळत्यात, साहेब. माझ्याकडं कुणी येईना." चाचा नमाजाला गेलेले पाहून तो घरात शिरला होता. खोटा पुरावा उभा केल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला.

हवालदार म्हणाला, "साहेब, चाचांना एस्टीत बसवून देतो." मी नको म्हटलं. आठवडी बाजार भरलेला असताना मी स्वतः त्यांना जीपमधून येरमाळ्याला नेलं, चौकात उतरवलं आणि घडलेलं सगळं मोठ्यानं सांगितलं. दारात ओरडणाऱ्यांपैकी काही जण माना खाली घालून निघून गेले. एक म्हातारा मात्र पुढं आला. "चाचा, चुकलं आमचं," म्हणाला आणि त्यांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत गेला.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. निर्दोष माणसाला नुसतं ठाण्याच्या दारातून सोडायचं नाही. ज्या चार लोकांत त्याची अब्रू गेली, त्याच चार लोकांत ती परत द्यायची. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण निवृत्त होईपर्यंत मी ते माझ्या कामाचाच भाग मानलं.